दोन आकडे : ४८ आणि २३४

बेसबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो इंग्रजी सिनेमातला टोपीवाला खेळाडू. आपल्या विद्यापीठातही बेसबॉलचे आंतरमहाविद्यालयीन सामने होतात, ही गोष्ट जिमखान्याचा सूचनाफलक नेमाने वाचणाऱ्यांनाच ठाऊक असते. या सामन्यांत दोन वर्षे मी गुणलेखनाच्या टेबलावर बसते आहे. उन्हात बसून दुसऱ्यांचा पराक्रम चौकटीत भरण्याचे हे काम फारसे मानाचे नाही. पण त्यातून आकड्यांची एक खोड जडते. त्यात मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. निर्देशांकाच्या तासाला आमच्या सरांनी ‘आधारवर्ष सांगितल्याशिवाय किंमत सांगू नका’ असे इतक्या वेळा बजावले आहे, की आता कुठलाही जुना आकडा दिसला तरी तो कोणत्या वर्षाच्या भावाने मोजायचा, हा प्रश्न आपसूक मनात येतो.

याच खोडीपायी अमेरिकेतील कॉलेज बेसबॉलमधल्या दोन आकड्यांच्या मी मागे लागले. पहिला ४८. एका हंगामात एका फलंदाजाने मारलेले हे सर्वाधिक होमरन, साल १९८५. दुसरा २३४. एका हंगामात एका पिचरने मिळवलेले हे सर्वाधिक स्ट्राइकआउट, साल १९७९. ‘एन.सी.ए.ए.’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या पहिल्या श्रेणीत सुमारे तीनशे कॉलेजांचे संघ दरवर्षी फेब्रुवारीपासून जूनपर्यंत खेळतात. इतकी वर्षे इतके संघ खेळत आले, तरी २०२५ चा हंगाम संपला तेव्हा हे दोन्ही उच्चांक जागेवरच होते. असे का व्हावे? त्या दोन मुलांसारखी मुले पुन्हा जन्मालाच आली नाहीत काय? की हिशेबात आणखी काही आहे?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे शब्दज्ञान. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. तो साठ फूट सहा इंचांवरून फेकतो. म्हणजे आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा पाच-साडेपाच फूट कमी अंतरावरून, आणि टप्पा न पाडता. फलंदाजाने बॅट फिरवली आणि ती हुकली, किंवा चेंडू त्याच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यातून, पायाशी असलेल्या पाटाच्या बरोबर वरून गेला आणि त्याने तो नुसता पाहिला, तर एक ‘स्ट्राइक’ होतो. असे तीन झाले की तो बाद, हाच स्ट्राइकआउट. गुणपत्रकात त्यासाठी रोमन लिपीतले ‘के’ हे अक्षर लिहितात. हेन्री चॅडविक नावाच्या एकोणिसाव्या शतकातील क्रीडालेखकाने ‘स्ट्रक’ या शब्दातले शेवटचे अक्षर उचलले, कारण पहिले अक्षर दुसऱ्या कामाला लागलेले होते. तिसरा चेंडू न खेळताच जो बाद होतो त्याचा ‘के’ उलटा काढतात. बिचाऱ्याच्या नामुष्कीची तेवढी नोंद!

होमरन समजायला सोपा. चेंडू थेट कुंपणापलीकडे. आपल्या षटकारासारखाच, पण मोल जास्त. कारण मारणारा तर चारही तळ फिरून येतोच, शिवाय आधीपासून तळांवर थांबलेले त्याचे साथीदारही घरी येतात. एका फटक्यात जास्तीत जास्त चार धावा होतात.

या दोन घटनांत एक साम्य आहे. दोन्हींत बाकीच्या क्षेत्ररक्षकांना काही कामच नसते. झेल नाही, फेक नाही, गलथानपणाला वाव नाही. फलंदाज आणि पिचर या दोघांतला तो मामला. म्हणूनच खेळातले जाणकार या दोन आकड्यांना शुद्ध मानतात : हा माणूस किती जोराचा, हे कळायचे असेल तर हे पाहा, असे म्हणतात. मला मात्र शोधाअंती असे वाटू लागले आहे, की या दोघांच्या मामल्यात न दिसणारे भागीदार बरेच आहेत. बॅट आहे, चेंडूची शिवण आहे, सामन्यांचे वेळापत्रक आहे, आणि पिचरच्या कोपरातला एक स्नायुबंध आहे.

होमरनपासून सुरुवात करू. पीट इन्काविलिया हा ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचा धिप्पाड खेळाडू. १९८५ साली त्याने ७५ सामन्यांत ४८ होमरन मारले. १४३ धावा त्याच्या फटक्यांवर निघाल्या. फलंदाजीची सरासरी .४६४, म्हणजे दर हजार संधींमागे ४६४ यशस्वी फटके. बेसबॉलमध्ये दहापैकी तीन वेळा यशस्वी होणारा चांगला समजतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. तीन वर्षांत त्याचे बरोबर शंभर होमरन झाले. पुढच्याच वर्षी, व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या पायऱ्या न चढता, तो थेट टेक्सस रेंजर्सकडून वरिष्ठ स्पर्धेत उतरला. तेथे त्याने ३० होमरन मारले आणि त्याच हंगामात तो १८५ वेळा स्ट्राइकआउट झाला. अमेरिकन लीगमधील तो त्या वेळचा उच्चांक होता. एकाच माणसाच्या नावावर एका वर्षी होमरनचा आणि पुढच्या वर्षी स्ट्राइकआउट होण्याचा उच्चांक लागावा यात मला विसंगती वाटत नाही. सर्व ताकदीनिशी फिरवलेल्या बॅटची ती दोन टोके आहेत.

पण कॉलेजात त्याच्या हातात असलेली बॅट आणि रेंजर्सकडे गेल्यावर हातात आलेली बॅट या एक नव्हत्या. व्यावसायिक बेसबॉल आजही लाकडी बॅटने खेळतात. कॉलेजांना मात्र १९७४ पासून अॅल्युमिनियमच्या बॅटची मुभा मिळाली. कारण अगदी घरगुती, काटकसरीचे. लाकडी बॅट मोडते आणि दर हंगामात डझनांनी घ्यावी लागते, धातूची टिकते. खर्च वाचवण्यासाठी केलेला हा बदल खेळच बदलून बसेल, याची तेव्हा फारशी कोणाला कल्पना नसावी.

धातूची बॅट आतून पोकळ असते. लाकडावर चेंडू आदळला की चेंडू स्वतः चेपतो आणि त्यात बरीच शक्ती वाया जाते. पोकळ बॅटची भिंत मात्र स्वतःच किंचित आत दबते आणि उसळून चेंडूला परत ढकलते. सर्कशीतल्या जाळीवर उडी मारणारा माणूस जसा वर फेकला जातो, तसेच. दुसरे असे की पोकळ बॅटचे वजन टोकाकडे कमी, त्यामुळे ती झपकन फिरते. फलंदाजाला क्षणभर जास्त वाट पाहता येते. कारखानदारांनी पुढे भिंती आणखी पातळ केल्या, मिश्रधातू सुधारले, आणि नव्वदच्या दशकात गोष्ट हाताबाहेर गेली. १९९७ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या एका संघाने हंगामात १८८ होमरन मारले. त्याच वर्षी राइस विद्यापीठाचा लान्स बर्कमन एकटा ४१ वर पोहोचला. १९९८ च्या अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाने अॅरिझोना स्टेटला २१-१४ असे हरवले. हा गुणफलक बेसबॉलचा आहे हे मुद्दाम सांगावे लागते! त्या वर्षी पहिल्या श्रेणीत एका संघामागे एका सामन्यात सरासरी १.०६ होमरन पडत होते.

यात गंमत होती तसे भयही होते. चेंडू मारला जातो तेव्हा पिचर फेकून पुढे झुकलेला असतो आणि तडाखा बसलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत त्याच्यापर्यंत येतो. डोक्याला शिरस्त्राण नाही, हातात फक्त मोजा. २००७ साली न्यूयॉर्क शहराने आपल्या माध्यमिक शाळांच्या सामन्यांत धातूच्या बॅटला बंदी केली ती याच धास्तीने. कॉलेजांनी बंदी केली नाही, पण नियम आवळत नेले. २०११ पासून नवी कसोटी लागू झाली. बॅट आणि चेंडू ज्या वेगाने एकमेकांवर येतात त्याच्या निम्म्याहून जास्त वेगाने त्यांनी विलग होता कामा नये, असा तिचा सारांश. बॅट धातूची, पण वागणूक लाकडाची!

परिणाम तात्काळ दिसला. २०१४ मध्ये तीच सरासरी १.०६ वरून ०.३९ वर आली. ओमाहा येथे दर जूनमध्ये होणाऱ्या अंतिम स्पर्धेत १९९८ साली ६२ होमरन झाले होते. २०१४ साली संपूर्ण स्पर्धेत तीन. (अर्थात २०११ पासून ती स्पर्धा नव्या, मोठ्या मैदानावर होऊ लागली होती, सगळा दोष बॅटच्या माथी मारणे बरोबर नाही.) खेळ इतका थंडावला, की २०१५ पासून चेंडूच बदलण्यात आला. जुन्या चेंडूची लाल शिवण उंच उठलेली असे, नवी चपटी. हवेचा अडथळा कमी. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एकाच वेगाने, एकाच कोनातून दोन्ही चेंडू उडवून पाहिले, तेव्हा जुना ३६७ फूट गेला आणि नवा ३८७ फूट. शिवणीच्या उंचीत फरक किती? इंचाच्या शंभराव्या भागाचा दीड-दोनपट! पण कुंपण साधारण त्याच अंतरावर असल्यामुळे त्या वीस फुटांत झेल आणि होमरन यांचा निवाडा होतो.

आता २०२४ कडे या. जॉर्जिया विद्यापीठाचा चार्ली कॉन्डन; संघात आला तेव्हा त्याला शिष्यवृत्तीसुद्धा नव्हती. त्याने ६० सामन्यांत ३७ होमरन मारले, सरासरी .४३३. कसोटीच्या बॅटने खेळणाऱ्यांत हा उच्चांक. पुस्तकी यादीत तो ४८ च्या बराच खाली दिसतो. पण सरांचे आधारवर्ष आठवून मी भागाकार केला. इन्काविलिया : सामन्यामागे ०.६४. कॉन्डन : सामन्यामागे ०.६२ च्या किंचित खाली. म्हणजे जवळजवळ बरोबरी, आणि तीही लगाम घातलेल्या बॅटने! कॉन्डनला ७५ सामने मिळाले असते तर त्याच गतीने तो ४६ वर थांबला असता. पण नियमित हंगामाला आता ५६ सामन्यांची मर्यादा आहे. त्यापुढचे सामने संघ जिंकत राहिला तरच. २०२४ चा विजेता टेनेसी संघ शेवटच्या दिवसापर्यंत खेळला, तरी त्याचे सामने ७३ च भरले.

अर्थात कॉन्डनच्या बाजूनेही भाव वाढलेले होते, हे सांगितले पाहिजे. चपटी शिवण त्याला मिळाली. शिवाय आजचा फलंदाज चेंडू किती अंशाच्या कोनातून उडाला हे यंत्रावर पाहून सराव करतो. व्यायामशाळा वेगळी, आहार वेगळा. त्याच २०२४ साली टेनेसीने संघ म्हणून १८४ होमरन मारले, म्हणजे बेबंद बॅटच्या काळातल्या १८८ पासून अवघे चार कमी. तेव्हा ४८ मोठा की ३७, याचे उत्तर मी देणार नाही. एवढेच म्हणेन, की हा उच्चांक एखादा मुलगा कधीतरी मोडू शकेल. त्याला दीर्घ हंगाम खेळणारा संघ मिळाला पाहिजे. फलंदाजाला रोज खेळता येते, आणि रोज खेळल्याने त्याच्या शरीराची फारशी हानी होत नाही.

२३४ ची गोष्ट याहून निराळी आहे, आणि मला ती अधिक अस्वस्थ करते.

डेरेक तात्सुनो हा हवाई विद्यापीठाचा डावखुरा पिचर. १९७९ च्या हंगामात त्याने २० सामने जिंकले, एक हरला आणि २३४ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. एका हंगामात वीस सामने जिंकणारा तो पहिला कॉलेज पिचर. त्याच्या समोरचे फलंदाज धातूच्या बॅटने खेळत होते हे विसरू नये. १९८६ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा माइक लॉइन्ड २० विजय आणि २२३ स्ट्राइकआउटपर्यंत पोहोचला. त्याच वर्षी तोही रेंजर्सकडे जाऊन इन्काविलियाचा सहकारी झाला, पण वरिष्ठ स्पर्धेत दोनच हंगाम टिकला. तात्सुनोची कथा आणखी वेगळी. तो अमेरिकेतील व्यावसायिक संघाकडे न जाता जपानमध्ये प्रिन्स हॉटेल या कंपनीच्या संघाकडून खेळायला गेला. पुढे परत येऊन मिल्वॉकी ब्रूअर्सच्या दुय्यम संघांतून खेळला, पण वरिष्ठ स्पर्धेत त्याला एकही चेंडू टाकायला मिळाला नाही. २००७ मध्ये कॉलेज बेसबॉलच्या मानकऱ्यांत त्याचा समावेश झाला. कॉलेजच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा आकडा ज्या हाताने लिहिला, त्या हाताचे नाव वरिष्ठ बेसबॉलच्या यादीत मुळीच नाही.

त्या काळी पिचरकडून किती काम घेत, याची कल्पना यावी म्हणून एक सामना सांगते. २१ मे १९८१, न्यू हेवन येथील येल विद्यापीठाचे मैदान. येलकडून रॉन डार्लिंग, सेंट जॉन्सकडून फ्रँक वायोला. दोघेही पुढे नामवंत झाले. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा. बरोबरी झाली तर पुढे चालू. डार्लिंगने अकरा डाव प्रतिपक्षाला एकही यशस्वी फटका मारू दिला नाही. सोळा स्ट्राइकआउट घेतले. तरी गुणफलक शून्य-शून्य, कारण वायोलाही तसाच फेकत होता. बाराव्या डावात पहिला फटका बसला, मग तळ चोरणे झाले, आणि येल ०-१ ने हरले. डार्लिंग तोपर्यंत मैदानावरच होता. त्याला बाहेर बोलवावे असे कोणाला वाटले नाही. कॉलेज बेसबॉलमधला सर्वोत्तम सामना म्हणून आजही त्याचे नाव घेतात, आणि मीही त्याचे वर्णन वाचताना भारावून गेले होते. पण अकरा-बारा डाव म्हणजे किती चेंडू, आणि प्रत्येक चेंडूला कोपर कसे पिळवटते, याचा विचार त्या वर्णनात शोधूनही सापडत नाही.

कोपराच्या आतल्या बाजूला हाडांना बांधून ठेवणारा एक छोटा बंध असतो. जोराने फेकताना सारा ताण त्याच्यावर येतो. तो तुटला की पूर्वी पिचरची कारकीर्दच संपे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हातातील स्नायुरज्जू काढून तेथे बसवला आणि तो पुन्हा खेळू लागला. आज ती शस्त्रक्रिया त्या खेळाडूच्याच नावाने ओळखतात, आणि ती कॉलेजात जाणाऱ्या, काही वेळा शाळेत जाणाऱ्या मुलांवरही करावी लागते. म्हणून आता चेंडू मोजतात. शंभराच्या आसपास आकडा गेला की प्रशिक्षक उठून उभा राहतो. सर्वत्र मात्र असे होत नाही. ३० मे २००९ रोजी टेक्सस आणि बॉस्टन कॉलेज यांचा सामना पंचवीस डाव चालला. त्यात टेक्ससच्या ऑस्टिन वूडने मध्येच येऊन तेरा डाव टाकले, १६९ चेंडू. आदल्या दिवशीही तो खेळला होता. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. टेबलावर मी असते तर कदाचित मीही वाजवल्या असत्या. पण मुलगा विद्यार्थी आहे, त्याला पगार नाही आणि हात एकच आहे, हे सामन्याच्या धुंदीत मोठ्या माणसांनी तरी विसरू नये, असे मला वाटते.

आता २०२३ चा जून, ओमाहा. लुइझियाना स्टेट विरुद्ध वेक फॉरेस्ट, अंतिम फेरीत कोण जाणार याचा निकाल. लुइझियानाकडून पॉल स्कीन्स, वेक फॉरेस्टकडून रेट लाउडर. पुन्हा शून्य-शून्य! स्कीन्सने आठ डाव टाकले, १२० चेंडू, आणि त्याला बाहेर काढण्यात आले. लाउडर तर सात डावांनंतरच थांबला होता. अकराव्या डावात लुइझियानाच्या टॉमी व्हाइटने होमरन मारून सामना २-० असा संपवला. न्यू हेवनच्या सामन्यासारखाच प्रसंग, बेचाळीस वर्षांनंतरचा. पण निकाल लागला तेव्हा दोन्ही मुख्य पिचर बाकावर बसून पाहत होते.

स्कीन्सने त्या हंगामात १२२ पूर्णांक दोन तृतीयांश डावांत २०९ स्ट्राइकआउट घेतले. त्याच विद्यापीठाच्या बेन मॅकडोनाल्डचा १९८९ मधला २०२ चा आकडा त्याने मागे टाकला. तो त्यांच्या साउथईस्टर्न विभागाचा उच्चांक होता. स्कीन्सची गती नऊ डावांमागे पंधराहून अधिक. इतक्या वेगाने फलंदाज बाद होण्यामागे होमरनच्या हव्यासाचाही वाटा आहेच. जो तो कुंपणाकडे पाहून बॅट फिरवतो, त्यामुळे स्ट्राइकआउटचाही भाव आता स्वस्त झाला आहे. तरीसुद्धा मी हिशेब केला. स्कीन्सच्याच गतीने २३५ गाठायचे तर सुमारे १३८ डाव टाकावे लागतील, म्हणजे आणखी पंधरा. त्याच्यासारख्या पिचरचे दोन पुरे सामने. स्कीन्स आठवड्यातून एकदा फेकत होता. त्याने एकोणीस सामन्यांची सुरुवात केली, आणि त्याचा संघ त्या वर्षी विजेता ठरला. ७१ सामने खेळून, हंगामाच्या अगदी अखेरच्या दिवसापर्यंत. ते आणखी दोन सामने वेळापत्रकात कोठेच नव्हते. ते हवे असतील तर दोन फेकींमधल्या विश्रांतीचे दिवसच तोडावे लागले असते. त्याच्या प्रशिक्षकांनी ते तोडले नाहीत. अंतिम फेरीच्या तिन्ही सामन्यांत स्कीन्स एकही चेंडू न टाकता बसून राहिला, आणि पुढच्या वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळताना नॅशनल लीगमधील सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरला.